खानदेशकन्या कै. स्मिता पाटील

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आणि आम्ही स्मिता पाटील यांचे नाव सुचविले, तेव्हा काही सभासद बंधूंना नवल वाटले. नटीचे चरित्र ज्ञातीच्या पुस्तकात कशाला, असा त्यांचा भाव होता. त्यावर आमचे निवेदन एवढेच की, स्मिता पाटील या चित्रपटात गाजण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचीत असत, आणि त्यांच्या त्या कामाविषयी आम्हांस मुख्यतः लिहावयाचे आहे. शिवाय आम्ही त्यांच्यावर ज्ञातीचा हक्क सांगत नाही. सांगतो तो खानदेशचा. झाशीच्या राणीच्या तांबे घराण्याशी नाते सांगणाऱ्या आमच्या पारोळ्यास कर्तबगार स्त्रीचे चरित्र परके वाटू नये.

स्मिता पाटील यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 रोजी पुण्यास झाला. परंतु घराणे खानदेशातील, शिरपूरचे. पारोळ्याहून धुळे गाठावे आणि तेथून आग्रा रस्त्याने तापी ओलांडावी की शिरपूर येते. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यचळवळीतून पुढे आलेले कार्यकर्ते. पुढे ते राज्यात मंत्री झाले. मातोश्री विद्याताई या समाजसेविका होत्या. घरावर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते. ज्या साने गुरुजींनी आपल्या शेजारच्या अमळनेरात प्रताप हायस्कुलात शिक्षकाचे काम केले, त्यांच्याच विचारांची ऊब या सेवा दलास लाभली होती. सेवा दलाच्या कलापथकात स्मिता पाटील यांनी लहानपणी भाग घेतला. चारचौघांत उभे राहून न लाजता, स्पष्ट बोलण्याची सवय त्यांना तेथे लागली असावी, असे आम्हांस वाटते.

वडिलांच्या राजकीय कामामुळे कुटुंब मुंबईस आले. त्याच सुमारास मुंबईत एक नवे साधन अवतरत होते. आपल्या देशात दूरदर्शनचा प्रारंभ 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीस झाला. त्यानंतर दुसरे केंद्र निघावयास तेरा वर्षे लागली, आणि ते मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी गांधीजयंतीस सुरू झाले. त्या वेळी दूरदर्शन हे आकाशवाणीचाच एक भाग होते. 1 एप्रिल 1976 पासून त्याचे स्वतंत्र खाते झाले. नव्या केंद्रास मराठी वृत्तनिवेदक हवे होते. स्मिता पाटील यांची काही छायाचित्रे केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली, त्यांना बोलावून आवाजाची परीक्षा घेण्यात आली, आणि विशीही न गाठलेली ही मुलगी केंद्राच्या पहिल्या काही वर्षांतच मराठी बातम्या वाचू लागली.

आजच्या मुलांस त्या कामाची कठीणता कळणार नाही. आता वाचकाच्या समोरच अक्षरे सरकत जातात. तेव्हा हातात कागद असे. ओळ डोळ्यांनी उचलावयाची, मान वर करून प्रेक्षकांकडे पाहत ती सांगावयाची, आणि पुन्हा कागदावर नेमकी पुढची ओळ धरावयाची. बातम्या त्याच क्षणी घरोघर जात असल्याने एखादा शब्द चुकला तर परत घेता येत नसे. नावे शुद्ध उच्चारावी लागत. दुष्काळ, संप, महागाई, निवडणूक यांपैकी कोणतीही बातमी असो, तीत आपला राग-लोभ मिसळता कामा नये. आणि तरीही ती कोरडी वाटता कामा नये. आम्ही आयुष्यभर वर्गात धडे वाचून घेतले. त्यामुळे हे दोन्ही एकत्र साधणे किती अवघड, ते आम्ही जाणतो.

स्मिता पाटील यांना ते साधले. अंगावर साधी सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही, आणि टपोरे, स्थिर डोळे. निवेदनाची वेळ आली म्हणजे त्या पँटवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, ही हकिकत प्रसिद्ध आहे. नटण्यामुरडण्यास त्यांच्या लेखी किती महत्त्व होते, ते यावरून दिसते. पडदा कृष्णधवल होता, आणि त्यावरील ही निवेदिका सावळ्या वर्णाची होती. परंतु मुंबई-पुण्याच्या घरांतून लोक तिच्याकडे पाहत ते बातमीवर विश्वास ठेवून.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षांत मुंबई केंद्राचे चित्र आपल्या खानदेशापर्यंत पोचत नव्हते. आपल्याकडे दूरदर्शन आले ते 1980 नंतरच्या दशकात. म्हणजे आपल्याच मातीशी नाते असलेली लेक राज्याला बातम्या सांगत होती, तेव्हा ती आपल्याला दिसत नव्हती. आपण तिला पाहिले ते नंतर, चित्रपटगृहाच्या पडद्यावर.

दूरदर्शनवरील या मुलीकडे दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष गेले. 1975 साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, 1976 साली ‘मंथन’, आणि 1977 साली ‘भूमिका’ हे त्यांचे चित्रपट आले. ‘मंथन’ हा गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला चित्रपट होय. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. झोपडपट्टीचे जिणे दाखविणाऱ्या ‘चक्र’साठी तोच पुरस्कार त्यांना पुन्हा लाभला. मराठीत डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांतील त्यांची कामे लोक अद्याप विसरलेले नाहीत. ‘उंबरठा’तील सुलभा ही सुखवस्तू घर सोडून निराधार स्त्रियांच्या आश्रमाची व्यवस्था पाहावयास निघते. 1985 साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. मुंबईत स्त्रियांच्या प्रश्नांसाठी झटणाऱ्या संस्थेतही त्या वावरत होत्या. या सर्व कामांत वृत्तनिवेदिकेचाच गुण आम्हांस दिसतो: जे सांगावयाचे ते भडक न करता, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे.

28 नोव्हेंबर 1986 रोजी त्यांना पुत्र झाला आणि बाळंतपणानंतरच्या आजाराने अवघ्या पंधरा दिवसांत, 13 डिसेंबर रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. वय 31 वर्षांचे. ‘मिर्च मसाला’ हा त्यांचा गाजलेला चित्रपट त्या गेल्यानंतर प्रदर्शित झाला. मुंबईसारख्या शहरात, सर्व साधने हाताशी असतानाही असे घडू शकते. मग खेड्यापाड्यांतील घरांनी बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नये, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

आता ज्या कारणासाठी हे चरित्र लिहावयास घेतले, त्याकडे वळतो. आमचे अक्षर बरे, म्हणून मंडळाच्या वधू-वर परिचयाचे अर्ज भरून देण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे येते. त्यात ‘वर्ण’ असा एक रकाना असतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका विद्यार्थिनीचा अर्ज आमच्यापुढे आला. वर्गात तिच्याइतका स्वच्छ धडा कोणी वाचीत नसे. मुलगी सावळी. वडिलांनी सांगितले तसे आम्ही त्या रकान्यात ‘गव्हाळ’ असे लिहिले. ती समोरच बसली होती. काही बोलली नाही, फक्त कागदाकडे पाहत राहिली. खोटे लिहू नये, हे आम्हीच तिला पुस्तीच्या वहीत गिरवावयास दिले होते. त्या दिवसाची टोचणी आमच्या मनातून गेलेली नाही.

स्मिता पाटील यांचा अर्ज भरावयाचा असता तर त्या रकान्यात आम्ही काय लिहिले असते? आणि तो वाचून किती घरांनी पान उलटले असते? याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या मनाशी द्यावे.

मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे की, पुढील वर्षीच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी मुलामुलींनी स्वतःच्या हाताने, स्वतःविषयी चार ओळी लिहाव्यात. आमच्यापुरते सांगावयाचे तर, यापुढे तो रकाना आम्ही कोणासाठीही भरणार नाही. इत्यलम्.