कामगारांच्या वैद्य डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन

आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीला जो शेंदूर चढवितात, तो परंपरेने शिशापासून केलेला. घरे रंगविण्याचा जुना सफेदाही शिशाचाच. या नित्याच्या धातूची बारीक धूळ श्वासावाटे पोटात गेली म्हणजे माणसाचे काय होते, हे अमेरिकेस ज्या बाईंनी पटवून दिले, त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस फार दिवस वाटत होते.

अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म न्यूयॉर्क येथे २७ फेब्रुवारी १८६९ रोजी झाला. बालपण इंडियाना संस्थानातील फोर्ट वेन गावी गेले. वडिलांचा शाळांवर विश्वास नसल्याने आरंभीचे शिक्षण घरीच झाले. मात्र त्या घरातून एक वैद्य आणि एक ग्रीक संस्कृतीची थोर भाष्यकार, म्हणजे अ‍ॅलिसबाईंच्या वडील भगिनी ईडिथ, अशा दोन विदुषी निघाल्या. १८९३ साली अ‍ॅलिसबाईंनी मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. पुढे जर्मनीत लाइपझिग व म्युनिक येथे त्यांना व्याख्यानांस बसू दिले, पण कोणाच्या नजरेत भरू नये या अटीवर!

१८९७ साली त्या शिकागोत अध्यापिका झाल्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्या ‘हल हाउस’ या सेवागृहात राहू लागल्या. शेजारपाजार सारा परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांचा. भरज्वानीतील धडधाकट पुरुष वर्षा-दोन वर्षांत फिकुटलेले, पोटशुळाने तळमळणारे, मनगट लुळे पडलेले त्यांना दिसू लागले. कारखानदारांचे उत्तर ठरलेले असे: मजूर गलिच्छ, हात न धुता जेवतात, दोष त्यांचाच. बाईंचे म्हणणे निराळे होते. विष मुख्यतः हवेतून, धुळीतून व धुरातून शरीरात शिरते. तेव्हा नुसते हात धुवून भागणार नाही, हवाच स्वच्छ केली पाहिजे.

हे सिद्ध करण्याची संधी १९१० साली आली. इलिनॉय संस्थानाने व्यवसायजन्य रोगांची पाहणी करविली आणि शिशाचा भाग बाईंकडे आला. नोंदवह्या कोठेच नव्हत्या. बाई रुग्णालयांत गेल्या, धर्मगुरूंना व औषधविक्यांना भेटल्या, मजुरांच्या स्वयंपाकघरांत बसल्या. एकदा रुग्णालयात शिशाची बाधा झालेला एक पोलिश मजूर आढळला. तो न्हाणीच्या लोखंडी टबांना चकचकीत मुलामा देण्याचे काम करी. बाई कारखान्यात गेल्या, तो तेथे शिशाचा मागमूस नाही. त्यांनी मजुरास पुन्हा विचारले. तो म्हणाला की, तुम्हांस दाखविली ती केवळ डागडुजी; खरे काम दुसऱ्याच जागी चालते. बाई तेथे पोहोचल्या. लालबुंद तापलेल्या टबांवर माणसे भुकटी शिंपडीत होती आणि धुळीचे ढग उठत होते. त्या भुकटीत वीस टक्क्यांपर्यंत शिसे निघाले. मजुराचे म्हणणे कोणी दुसऱ्यांदा ऐकावयास जात नसे; बाई गेल्या.

या पाहणीतून शिशाच्या विषबाधेचे ५०० हून अधिक रोगी उजेडात आले आणि १९११ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला. बाई आरडाओरड करीत नसत. सफेद्याच्या एका मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश प्रथम संतापले व पुरावा मागू लागले. बाईंनी रुग्णालयांत उपचार घेतलेल्या २२ रोग्यांची कागदपत्रे त्यांच्यापुढे मांडली. कॉर्निश यांनी शब्द राखला. कारखान्यांत धूळ आवरली, वैद्य नेमले. असा प्रतिपक्षी लाभणे हेही भाग्यच.

हाच न्याय आज नेमबाजीच्या बंदिस्त दालनांनाही लागू आहे. काडतुसाच्या टोपीत शिशाचे संयुग असते, गोळीही बहुधा शिशाची. प्रत्येक बारासरशी सूक्ष्म धूळ नेमबाजाच्या नाकासमोरच उडते. म्हणून हवा त्याच्या पाठीमागून लक्ष्याकडे संथ व सारखी वाहती ठेवावी लागते. जमीन कोरड्या केरसुणीने झाडणे तर घातकच, कारण बसलेली धूळ पुन्हा उठते. ती ओल्या फडक्याने किंवा सूक्ष्म गाळणीच्या यंत्राने काढावी लागते. कपडेही बदलावे लागतात, नाहीतर धूळ घरच्या मुलांपर्यंत जाते. अमेरिकेत १९७८ साली कामाच्या जागी घनमीटर हवेत शिशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ५० मायक्रोग्रॅम ठरली.

१९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने बाईंना साहाय्यक प्राध्यापक नेमले. तेथील त्या पहिल्या स्त्री अध्यापक. पण पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत त्यांना चालता येत नसे आणि १९३५ साली निवृत्त होईतो बढती म्हणून मिळाली नाही. विद्यापीठाचा हा कोतेपणा आम्हांस कारखानदारांच्या हट्टाहून अधिक बोचतो.

१९२५ साली पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा प्रश्न वॉशिंग्टनच्या परिषदेत आला. आदल्याच वर्षी ते मिश्रण करणारे पाच मजूर एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत दगावले होते. बाईंनी स्पष्ट विरोध केला. तो मानला गेला नाही. ते पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले आणि अल्जीरियात, म्हणजे जगात सर्वांत शेवटी, २०२१ साली.

बाई २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, कनेटिकटमधील आपल्या घरी वारल्या. अमेरिकेतील सर्व कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा कायदा त्याच वर्षी २९ डिसेंबरला झाला.