निद्रेचे रहस्य उकलणारा गोमंतकपुत्र : आबे फारिया

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

पणजी शहरात मांडवी नदीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक विलक्षण पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री भान हरपून कलंडते आहे. नवख्या माणसाला वाटावे, हा कोणी मांत्रिक असून बाईच्या अंगातले भूत उतरवीत आहे. वस्तुस्थिती मात्र अगदी उलट आहे. माणसाच्या अंगात बाहेरून काही शिरत नाही, जे काही घडते ते त्याच्या स्वतःच्या मनात घडते, हे सांगण्यात ज्याने आयुष्य वेचले त्या आबे फारियांचा हा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली तेथे उभारण्यात आला.

फारियांचे पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो दे फारिया. 'आबे' हे फ्रेंच भाषेत धर्मगुरूला लावायचे संबोधन आहे. त्यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात कांदोळी या गावी झाला. वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळचे आणि आई रोझा मारिया कांदोळीची. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणाचे, पूर्वीच ख्रिस्ती झालेले. आईवडिलांचे पटले नाही. दोघेही धर्माच्या परवानगीने विभक्त झाले. वडिलांनी अर्धवट राहिलेला धर्मशिक्षणाचा अभ्यास पुरा करून पाद्रीपद घेतले, तर आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. घर असे मोडलेले असताना वडिलांनी मुलाला सोबत घेतले आणि १७७१ साली बापलेक लिस्बनला पोहोचले. मुलाचे वय तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते.

पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने फारिया पुढे रोमला शिकावयास गेले. १७८० मध्ये त्यांना पाद्रीची दीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवीही त्यांनी संपादन केली. त्यानंतरचा एक प्रसंग गोव्यात आजही आवडीने सांगितला जातो. लिस्बनला राणीच्या प्रार्थनामंदिरात तरुण फारियांना प्रवचन द्यावयाचे होते. समोर राणी, सरदार, दरबारी मंडळी. फारिया व्यासपीठावर चढले आणि त्यांची वाचाच बसली. घशाला कोरड पडली, पाठ केलेले सारे विसरले. तेव्हा जवळच बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीतून सांगितले की, समोर बसलेली ही सारी मंडळी म्हणजे नुसता भाजीपाला समज आणि बेधडक कापीत सुट. मायबोलीतले हे चार शब्द कानी पडताच भीती कुठल्या कुठे पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. ही आख्यायिका असली तरी तिच्यात फारियांच्या पुढील सर्व संशोधनाचे बीज आहे. शब्द तर साधेच होते. मग क्षणापूर्वी थरथरणारे शरीर त्यांनी शांत झाले कसे?

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट उघडकीस आला. इतिहासात तो पिंटोंचे बंड म्हणून प्रसिद्ध आहे. गोमंतकीय पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अनेकांना अटक झाली आणि १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. लिस्बनमधील फारिया पितापुत्रांवरही संशय आला, म्हणून फारियांनी पॅरिस गाठले. पुढच्याच वर्षी तेथे राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीत त्यांनी १७९५ मध्ये एका तुकडीचे नेतृत्व केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अलेक्झांडर द्युमाच्या 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीत तुरुंगातील विद्वान आबे फारियाचे पात्र आहे. द्युमाने त्याला इटालियन केले असले तरी नाव आपल्या गोमंतकीय फारियांचेच आहे.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. त्या काळी युरोपात डॉ. मेस्मर यांच्या उपचारपद्धतीचा मोठा बोलबाला होता. विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला असून त्याचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, असे त्यांचे मत होते. लोखंडी सळया बसविलेल्या एका मोठ्या पिंपाभोवती रोगी बसत. कोणाला झटके येत, कोणी किंचाळत, कोणी बेशुद्ध पडत आणि कित्येकांना नंतर बरेही वाटे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. असा कोणताही द्रव नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. मेस्मर यांचे शिष्य मार्क्विस द प्युईसेगूर यांनी झटक्यांऐवजी रोग्याला एका प्रकारच्या शांत निद्रेत नेण्याची रीत शोधली, परंतु ही निद्रा उपचार करणाऱ्याच्या इच्छाशक्तीने येते, अशी त्यांची समजूत होती.

फारियांनी प्युईसेगूर यांच्याकडूनच ही विद्या घेतली. पुढे १८११ मध्ये ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले आणि तेथून त्यांची बदली नीम या गावी झाली. १८१३ साली ते पॅरिसला परतले आणि ऑगस्ट महिन्यात क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात त्यांनी जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशशुल्क पाच फ्रँक. त्यांची पद्धत अगदी सोपी होती. माणसाला आरामखुर्चीत बसवून डोळे मिटावयास आणि झोपेवर चित्त एकाग्र करावयास सांगत. मग ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा देत. कित्येक जण खरोखर निद्रिस्त होत. त्या अवस्थेत साधे पाणी पाजले तरी सांगितलेल्या पेयाची चव त्यांना लागे. पिंप नाही, चुंबक नाही, मंत्रतंत्र नाही. केवळ शब्द.

येथे फारियांचे मोठेपण दिसते. आपल्या अंगी दैवी शक्ती आहे असे त्यांनी सांगितले असते तर पॅरिसमधील श्रीमंतांनी त्यांच्यापुढे पैशांची रास ओतली असती. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आपल्या बाटलीत काहीच नाही, गुण तुमच्यातच आहे, असे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार आम्हाला अजून भेटावयाचा आहे. फारियांनी मात्र तेच सांगितले. ही सजग निद्रा आणणारी शक्ती आपल्यात नाही, ती निद्रिस्त होणाऱ्याच्या एकाग्रतेत आहे, प्रत्येकाला ती निद्रा आणता येत नाही आणि तिच्यात सैतानाचाही काही संबंध नाही, असे त्यांनी ठासून प्रतिपादन केले. गुरू प्युईसेगूर यांच्याशी त्यांचा येथे मतभेद झाला, तरी आदर कमी झाला नाही. आपला ग्रंथ त्यांनी प्युईसेगूर यांनाच अर्पण केला. फारियांचे सारेच बरोबर होते असेही नाही. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ही निद्रा लवकर लागते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही.

या सचोटीचे फळ त्यांना काय मिळाले? धर्ममार्तंडांना त्यांच्यात सैतान दिसला, तर चुंबकवाद्यांना शत्रू. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडविणारे प्रहसन आले. व्याख्याने बंद पडली. एका मुलींच्या शाळेत धर्मगुरूची नोकरी करून ते पोट भरू लागले आणि सजग निद्रेच्या कारणांवर ग्रंथ लिहू लागले. १८१९ साली त्याचा पहिला खंड तयार झाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. कांदोळीच्या या सुपुत्राची कबर कोठे आहे, हे दाखविणारी खूणही उरलेली नाही.

परंतु विचार मेला नाही. १८४० नंतर इंग्लंडमध्ये डॉ. ब्रेड यांनी या विद्येला संमोहनशास्त्र हे नाव रूढ केले. पुढे फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेची शक्ती हाच सिद्धान्त मांडला. तो फारियांच्या मताशी जुळणारा होता. १८८९ मध्ये नान्सीला जाऊन सिग्मंड फ्रॉइड यांनी हे प्रयोग पाहिले. नंतर फ्रॉइड यांनी संमोहन सोडले, पण संभाषणातून मनोविकारावर उपचार करण्याचा मार्ग त्यातूनच रुंदावत गेला. १९०६ मध्ये डॉ. दालगादो या गोमंतकीयानेच फारियांचे चरित्र लिहून त्यांना विस्मृतीतून बाहेर काढले. गोव्याच्या मनोरुग्णालयालाही त्यांचे नाव देण्यात आले होते. १९८० मध्ये त्याचेच रूपांतर आजच्या मनोविकार संस्थेत झाले.

वाचक म्हणतील, दोनशे वर्षांपूर्वीच्या या पाद्र्याचे आम्हाला काय? आमच्या चिंताकीच्या परिसरात, किंबहुना बीदर आणि कलबुर्गीच्या साऱ्या सीमाभागात, भानामती हा शब्द ठाऊक नसलेला माणूस विरळा. मराठीत भूत म्हणा की कन्नडमध्ये देव्व म्हणा, भीती एकच. घरातील सून बोलेनाशी झाली, मुलाची झोप उडाली, कोणी एकटेच रडत बसू लागले की प्रथम प्रश्न येतो, कोणी केले? एकदा हा प्रश्न विचारला की औषधाऐवजी गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. मग एखादी निराधार विधवा किंवा भाऊबंदातला कोणी त्यात सापडतो आणि रोग्यालाही छड्या खाव्या लागतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदे केले. पण कायदा मारणाऱ्याचा हात धरील, मनातला प्रश्न कसा बदलणार? फारियांनी बदलला तो हा प्रश्न. कोणी केले, याऐवजी याच्या आत काय चालले आहे, असे ते विचारू लागले.

आजचा डॉक्टरही हेच विचारतो. उदासीनतेच्या आजाराचे निदान रक्त तपासून होत नाही. थायरॉइड किंवा पंडुरोग नाही ना, एवढे मात्र त्यातून पाहता येते. मुख्य निदान बोलण्यातूनच होते. सतत उदास वाटणे, कशातच गोडी नसणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मृत्यूचे विचार येणे, यांतील बरीच लक्षणे दोन आठवडे टिकली आणि कामधंदा अडू लागला, तर तो आजार समजतात. समुपदेशन आणि गोळ्या हे त्याचे उपचार. गोळ्यांचा गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या घ्याव्या लागतात. गुण नाही म्हणून आठव्या दिवशी गोळी टाकून देणे ही सर्वत्र होणारी चूक आहे.

मात्र फारियांच्या आख्यायिकेचा विपरीत अर्थ काढू नये. व्यासपीठावरची भीती वडिलांच्या एका वाक्याने गेली, म्हणून आजारी मित्राला मन घट्ट कर असे सांगून भागत नाही. आजार मनात आहे याचा अर्थ तो खोटा आहे किंवा त्याचा दोष रोग्याचा आहे असा नव्हे. शब्दाचा गुण सर्वांना सारखा येत नाही, हे फारियांना स्वतःलाच दिसले होते. आज संमोहन हा या आजारांचा प्रमुख उपचारही राहिलेला नाही.

सुदैवाने उपचार आता दूर नाहीत. १९८५ पासून आपल्याच भागातील बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने एक प्रयोग केला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील साधे डॉक्टरही प्रशिक्षण घेऊन मनोविकारांवर उपचार करू शकतात, हे दाखवून दिले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतून आणि कन्नडमधूनही. वसतिगृहात आपल्या शेजारच्या खाटेवरचा मित्र रात्रभर जागा असेल, तर त्याची थट्टा न करता शांतपणे विचारपूस करावी आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे. सोबत कोणी असले की दवाखान्याची पायरी चढणे सोपे जाते. एवढे आपल्यापैकी कोणालाही करता येईल.