समजून घ्या : देवघरातली जुनी लक्ष्मी आणि रवि वर्मांचा कर्जात बुडालेला छापखाना

फुलसावंगीसारख्या गावात जुन्या घराची आवराआवर निघाली, की देवघरातून धुरकट काचेची एखादी तसबीर बाहेर येते. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी हत्ती. चौकट मोडली म्हणून ती रद्दीत जाते. टाकण्याआधी खालची ओळ वाचा. तिथे ‘रवि वर्मा प्रेस’ असे छापलेले असेल, तर संग्राहक अशाच चित्रांच्या शोधात असतात.

रवि वर्मा कोण?

जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर. दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराचे काम पाहून ते तैलरंग शिकले. १८७३ मध्ये व्हिएन्ना आणि १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. बडोदा, म्हैसूरच्या राजांनी त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली.

छापखाना कशासाठी?

मूळ चित्रे राजवाड्यांत अडकली होती. त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असे टी. माधवराव यांनी सुचवले. १८९४ मध्ये मुंबईत प्रेस सुरू झाली. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे.

छपाई कशी व्हायची?

प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद पुन्हा पुन्हा छापायचा; दगड किंचित सरकला तरी प्रत बिघडायची. शेवटी वार्निशचा हात. पुढे अनेक घरांत हौसेने त्यावर जरी, टिकल्या लावून देवीला सजवले जाई.

मग तोटा का झाला?

खर्च मोठा होता, त्यात मुंबईत प्लेग आला. प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलली, पण कर्ज फिटले नाही. अखेर ती जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावी लागली. प्रेसचा व्याप सांभाळणारा भाऊ राजा वर्मा १९०५ मध्ये गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रवि वर्माही गेले. चित्रे मात्र त्यानंतरही छापली जात राहिली. १९७२ च्या आगीत कारखान्यातील बराच ठेवा जळाला.

जुनी प्रत कशी ओळखायची?

भिंगातून पाहा. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके रांगेत दिसतात. दगडी छपाईत ते लहानमोठे आणि विखुरलेले असतात. रवि वर्मांची मूळ चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय ठेवा आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. घराघरांतल्या छापील प्रतींना मात्र घरच्यांशिवाय राखणदार नाही.