विषाणू आणि कर्करोग : डॉ. कमल रणदिवे यांची वाटचाल

अकोल्याच्या जठारपेठेतील पानठेल्यावर तंबाखू चोळणाऱ्याला तिचा आणि मुखकर्करोगाचा संबंध ऐकून माहीत असतो. परंतु घशाचा कर्करोग विषाणूमुळेही होऊ शकतो, हे त्याला नवलाचे वाटेल. विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध भारतात अगदी आरंभीच्या काळात प्रयोगशाळेत तपासणाऱ्यांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कन्येने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र पेशीविज्ञानाची वाट धरली. १९३९ मध्ये रणदिवे या गणितज्ञाशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

पुढे अभ्यासवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील ‘हेला’ पेशी याच प्रयोगशाळेत प्रथम वाढविल्या गेल्या. मायदेशी परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमलताईंनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमध्ये मातेच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू स्तनाचा कर्करोग घडवितो. मात्र त्यात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही वाटा असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. कुष्ठरोगाच्या जीवाणूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाच्या प्रश्नात रमल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या ‘हेला’ पेशींतच १९८० च्या दशकात मानवी पॅपिलोमा विषाणूचा अंश सापडला. याच कुळातील विषाणू टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही कर्करोगांना कारणीभूत ठरतो. अशा पेशींतील विषाणूची प्रथिने शरीराला परकी असल्याने रोगप्रतिकारशक्तीला त्या ओळखता येतात. तिला अशा पेशींवर चालून जाण्यास शिकविणाऱ्या उपचारांवर आज संशोधन सुरू आहे. आपल्याकडे मुखकर्करोगाचे मुख्य कारण अजूनही तंबाखूच आहे. ती सोडण्यास मात्र कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.