थोर चित्रकार रेम्ब्रांट आणि त्यांचे घर



रेम्ब्रांट यांचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी हॉलंड देशातील लायडन गावी झाला. त्यांच्या वडिलांची गिरणी होती. आपल्या गावची गिरणी विजेवर चालते, त्यांची वाऱ्यावर चालायची. चित्रकला शिकून रेम्ब्रांट अ‍ॅमस्टरडॅम या मोठ्या शहरात गेले. तिथे त्यांचे खूप नाव झाले.

१६३९ साली त्यांनी शहरातले एक जुने मोठे घर घेतले. किंमत होती १३,००० गिल्डर. तेवढे पैसे जवळ नव्हते, म्हणून हप्त्याने फेडायचे ठरले. खाली राहायचे आणि चित्रे विकायची. एका खोलीत चित्रे छापायचे यंत्र ठेवले. वर मोठ्या खोलीत ते चित्रे काढीत. तिच्या खिडक्या उत्तरेला होत्या. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो. माळ्यावर शिष्य शिकायचे. एका खोलीत शंख-शिंपले, पुतळे आणि हत्यारे होती. चित्रात काढायला ती उपयोगी पडत.

१६४२ मध्ये त्यांचे 'नाइट वॉच' हे मोठे चित्र पूर्ण झाले. पण त्याच वर्षी त्यांची पत्नी सास्किया वारली. त्यांचा मुलगा टायटस तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. मला हे वाचून फार वाईट वाटले.

पुढे घराचे हप्ते फिटेनात. आमच्या घरावरपण कर्ज आहे, त्यामुळे हप्त्याची तारीख आली की घरात कसं गप्प-गप्प असतं ते मला ठाऊक आहे. १६५६ साली सरकारी माणसे आली. त्यांनी एकेका खोलीत जाऊन सगळ्या सामानाची यादी केली. तिच्यात ३६३ नोंदी होत्या. सामानाचा लिलाव झाला आणि १६५८ मध्ये घरही विकले गेले. रेम्ब्रांट भाड्याच्या घरात गेले, पण त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही.

आणखी एक नवलाची गोष्ट सांगतो. त्यांनी आपल्या देशातली मुघल चित्रे बघून वीसेक चित्रे काढली. त्यांत बादशहा शहाजहानसुद्धा आहे! शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले, तेव्हा रेम्ब्रांट जवळजवळ साठ वर्षांचे होते. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी ते वारले.

ते घर पुढे फार मोडकळीला आले होते. १९०६ साली शहराने ते विकत घेतले आणि १९११ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. नंतर खोल्या पूर्वीसारख्या मांडायच्या होत्या. कुठे काय होते हे कसे कळणार? तेव्हा लिलावाची तीच यादी कामाला आली. ज्या यादीने घर रिकामे केले, तिनेच ते पुन्हा भरले.

— इयत्ता चौथीचा विद्यार्थी