हक्क आणि दाद

भगिनींनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आठवले की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम महाडचे चवदार तळे येते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केले होते. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. वाद कोर्टात गेला. मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

पुढे राज्यघटना झाली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मूलभूत हक्क हिरावला गेल्यास थेट सुप्रीम कोर्टात दाद मागण्याची सोय बत्तिसाव्या कलमाने झाली. हे कलम बाबासाहेबांना सर्वांत मोलाचे वाटे. दहा वर्षे ज्याने तळ्यासाठी झगडावे, त्याला ते वाटणारच!

आपणा स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. ते रखडले, हेही एक कारण होऊन त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यातले बरेचसे १९५५-५६ साली निरनिराळ्या कायद्यांनी आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः हिस्सा मिळाला तो २००५ साली.

आणि मी? माहेरी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर न वाचताच सही करून आले. हक्क सोडायचा तर खुशाल सोडावा; पण कागद वाचून, समजून, स्वतःच्या मर्जीने. एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.