कार्लाइलचा जिम थॉर्प

प्रत्येक विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत एक आवडता वाद चालत असतो. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेल्या नररत्नांत सर्वश्रेष्ठ कोण, हा तो वाद होय. अमेरिकेंत हा वाद फुटबॉलच्या खेळाडूंवरून विशेष रंगतो. तेथील कॉलेजांत नांव मिळविलेले खेळाडू पुढें धंदेवाईक संघांत शिरतात, आणि त्यांपैकीं कोणी अधिक पराक्रम केला याची चर्चा त्यांचे सहाध्यायी म्हातारपणापर्यंत करीत राहतात. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील कार्लाइल येथील शाळा इ. स. १९१८ सालीं कायमची बंद झाली, तरी तिच्या विद्यार्थ्यांसंबंधींचा हा वाद अद्याप निघतो. त्या निमित्तानें तिचा विद्यार्थी जिम थॉर्प याचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

आरंभीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्या खेळांतील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असून तो हातांत घेऊन पळावयाचा, सोबत्याकडे फेकावयाचा किंवा लाथेनें दोन खांबांच्या मधून उडवावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात, आणि चेंडू घेऊन धांवणाऱ्यास झडप घालून खालीं पाडणें हें त्यांत नियमास धरूनच असतें. शक्ति, वेग आणि धैर्य या तिन्ही गुणांची तेथें कसोटी लागते.

कार्लाइलची शाळाहि सामान्य शाळा नव्हती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना युरोपांतून आलेल्या लोकांनीं चुकीनें इंडियन हें नांव दिलें. या लोकांच्या जमिनी गेल्यावर त्यांच्या मुलांना गोऱ्या समाजाच्या वळणावर आणावें, या हेतूनें रिचर्ड हेन्री प्रॅट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८७९ सालीं एका जुन्या छावणींत ही शाळा स्थापिली. मुलें शेकडों मैलांवरून आगगाडीनें आणलीं जात. शाळेंत पाऊल टाकतांच त्यांचे लांब केंस कापीत, त्यांना नवीं नांवें देत आणि मातृभाषेंत बोलण्याची त्यांना बंदी असे. अर्धा दिवस अभ्यास व अर्धा दिवस हातकाम असा क्रम होता. आपण या मुलांचें कल्याणच करीत आहों अशी चालकांची श्रद्धा होती. परंतु तेथें किती कोवळे जीव रोगराईनें संपले याची साक्ष शाळेच्या स्मशानभूमींतील शंभराहून अधिक थडगीं देत आलीं आहेत.

अशा शाळेंत १९०४ सालीं जिम थॉर्प दाखल झाला. त्याचा जन्म १८८७ सालीं, ज्यास आज ओक्लाहोमा म्हणतात त्या प्रदेशांत, सॅक अँड फॉक्स जमातींत झाला. त्याचें जमातींतील नांव वा-थो-हक असें होतें. त्याचा अर्थ उजळलेली वाट असा करतात. त्यास चार्ली नांवाचा जुळा भाऊ होता. दोघे भाऊ सदा बरोबर हिंडत व खेळत. नऊ वर्षांचे असतां चार्ली न्यूमोनियानें वारला. त्यानंतर जिमचें मन शाळेंत रमेना. तो वारंवार पळून घरीं येई आणि वडील त्यास पुन्हां पोंचवीत. पुढें आई गेली, आणि कार्लाइलला आल्यानंतर थोड्याच दिवसांत वडीलहि गेले. अशा रीतीनें हा मुलगा ऐन उमेदीच्या वयांत पोरका झाला.

त्याचें दैव उघडलें तें एका साध्या प्रसंगानें. १९०७ सालीं एके दिवशीं मैदानावरून जातांना त्याला कांहीं मुलें उंच उडीचा अभ्यास करतांना दिसलीं. आडवी काठी ५ फूट ९ इंचांवर होती आणि ती कोणास ओलांडतां येत नव्हती. जिम कामाच्या जाड्याभरड्या कपड्यांतच धांवत आला आणि ती ओलांडून निघून गेला, असें सांगतात. ही वार्ता खेळांचे शिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानीं गेली व त्यांनीं त्यास हातीं धरलें. अंगानें मौल्यवान असा हा धांवणारा फुटबॉलमध्यें जायबंदी होईल अशी वॉर्नर यांस भीति वाटे. परंतु जिमनें हट्ट धरला, आणि त्यास पाडावयास उभ्या केलेल्या गड्यांच्या फळींतून तो सहज पार निघाला.

कार्लाइल हें खरें पाहतां कॉलेज नव्हतें, तरी तिचा संघ मोठमोठ्या कॉलेजांशीं सामने खेळे. १९११ सालीं त्या संघानें विख्यात हार्वर्ड विद्यापीठाचा १८ विरुद्ध १५ गुणांनीं पराभव केला. त्या दिवशीं थॉर्पचा पाय दुखावलेला होता. असें असतांहि त्यानें चार वेळां चेंडू खांबांमधून उडविला. पुढल्या वर्षीं वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या संघास कार्लाइलनें २७ विरुद्ध ६ असें हरविलें. ज्यांच्या वाडवडिलांनीं त्याच सैन्याशीं लढतां लढतां आपली भूमि गमावली होती, त्या मुलांस हा विजय केवढा वाटला असेल याची कल्पनाच करावी. पराभूत संघांत ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण होता. तोच पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

या दोन विजयांच्या मधल्या काळांत, १९१२ च्या जुलै महिन्यांत, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें ऑलिंपिक सामने भरले. थॉर्पनें पांच खेळांची स्पर्धा जिंकली, आणि नंतर दहा खेळांच्या स्पर्धेंत ८,४१२ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस सुमारें ७०० गुणांनीं मागें टाकलें. राजे पांचवे गुस्ताव यांनीं त्याचा स्वहस्तें गौरव केला. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्या देशासाठीं त्यानें हीं पदकें आणलीं, त्या देशाचें नागरिकत्व तेथील सर्व मूळ रहिवाशांस मिळण्यास १९२४ साल उजाडावें लागलें.

परंतु हें वैभव फार काळ टिकलें नाहीं. १९१३ च्या जानेवारींत एका वृत्तपत्रानें असें प्रसिद्ध केलें कीं, थॉर्प हा १९०९ व १९१० सालीं उत्तर कॅरोलायना संस्थानांत अल्प वेतन घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिकमध्यें त्या काळीं केवळ हौशी खेळाडूंस प्रवेश असे. सुटीच्या दिवसांत पैसे घेऊन खेळणारे कॉलेजांतील विद्यार्थी पुष्कळ होते. मात्र ते खोटीं नांवें धारण करीत. थॉर्पनें स्वतःचें नांव लपविलें नव्हतें. त्यानें पत्र लिहून सर्व गोष्ट कबूल केली आणि आपणांस नियमांची समज नव्हती असें नम्रपणें कळविलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं व विक्रमांच्या यादींतून त्याचें नांव खोडलें गेलें. वास्तविक तक्रार स्पर्धेनंतर ३० दिवसांच्या आंत करावयाची असा नियम होता आणि ती मुदत केव्हांच टळली होती. परंतु ही गोष्ट पुढें आणण्यास त्याच्या बाजूनें कोणी उभा राहिला नाहीं.

या प्रसंगीं त्याच्या शाळेनें काय केलें? मुख्याधिकारी व वॉर्नर या दोघांनींहि आपणांस कांहीं ठाऊक नव्हतें असें जाहीर केलें. थॉर्प दोन वर्षें शाळेबाहेर होता, तेव्हां तो कोठें व काय करीत होता हें त्याच्या शिक्षकांस कळलें नसेल, यावर अनेक इतिहासकारांचा विश्वास बसत नाहीं. पुढल्याच वर्षीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें शाळेच्या कारभाराची चौकशी केली. तींत फुटबॉलच्या सामन्यांतून येणाऱ्या पैशाचा व्यवहारहि निघाला, आणि वॉर्नर यांनीं कार्लाइल सोडलें. ज्या मुलाच्या कीर्तीवर शाळेनें मान व धन मिळविलें, त्यास संकटांत तिनें एकटें सोडलें, असें म्हणणें आम्हांस भाग आहे.

आतां थॉर्प उघडपणें धंदेवाईक खेळाडू झाला. उन्हाळ्यांत तो न्यूयॉर्क जायंट्स या संघांत बेसबॉल खेळे. १९१५ सालीं ओहायो संस्थानांतील कँटन शहराच्या संघानें प्रत्येक सामन्यास २५० डॉलर देऊन त्यास फुटबॉलसाठीं बोलाविलें. धंदेवाईक फुटबॉल त्या वेळीं हलका समजला जाई. थॉर्पच्या नांवावर लोक लोटूं लागले. १९१६, १९१७ व १९१९ या वर्षीं त्याचा संघ अजिंक्य मानला गेला. १९२० च्या सप्टेंबरांत कँटन येथील एका मोटारविक्रीच्या दुकानांत निरनिराळ्या संघांचे चालक जमले. खुर्च्या अपुऱ्या पडल्यामुळें कांहीं जण मोटारींच्या पायऱ्यांवर बसले. त्या बैठकींत जी संघटना स्थापन झाली तिचा पहिला अध्यक्ष म्हणून थॉर्पची निवड झाली. १९२२ सालीं तिनें नॅशनल फुटबॉल लीग हें नांव घेतलें, आणि आज अमेरिकेंत या खेळाची तीच सर्वश्रेष्ठ संघटना आहे.

येथें मूळ वादाकडे वळूं. कार्लाइलच्या मैदानावर वाढलेला दुसरा थोर खेळाडू म्हणजे मिनेसोटांतील ओजिब्वे जमातीचा जो गायन. त्याचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, लीग स्थापन झाली तेव्हां थॉर्प तेहतीस वर्षांचा होता व त्याचे उत्तम दिवस मागें पडले होते; लीगचें विजेतेपद त्यास एकदांहि मिळालें नाहीं. गायन मात्र १९२७ सालीं विजेत्या न्यूयॉर्क जायंट्स संघांत होता. तो आघाडीच्या फळींत जितका भक्कम, तितकाच चेंडू घेऊन पळण्यांत चपळ होता. हें म्हणणें खोटें नाहीं. उलट बाजूस थॉर्पचे चाहते विचारतात कीं, ज्यानें धंदेवाईक खेळास प्रेक्षक व प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याचें मोजमाप केवळ उतारवयांतील सामन्यांवरून कसें करावें? विशेष हें कीं, हे दोघे प्रतिस्पर्धी नव्हते, सोबती होते. १९२२ व १९२३ सालीं ओहायोंतील ला रू या चिमुकल्या गांवीं केवळ मूळ रहिवाशांचा एक संघ निघाला. त्याचा मालक कुत्र्यांची पैदास करणारा होता आणि आपल्या कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून मध्यंतरांत तो खेळाडूंकडून तमाशे करवी. त्या संघांत थॉर्प व गायन खांद्यास खांदा लावून खेळले. सामने त्यांनीं थोडेच जिंकले.

१९२८ सालीं, एक्केचाळिसाव्या वर्षीं, थॉर्पनें शेवटचा सामना खेळला. पुढील दिवस कष्टाचे गेले. त्यानें चित्रपटांत किरकोळ कामें केलीं, कुदळ घेऊन मजुरी केली. व्यसन आणि विस्कटलेला संसार यांनींहि त्यास ग्रासलें. तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. १९३२ सालीं लॉस एंजल्स येथें ऑलिंपिक भरलें, तेव्हां तिकिटास त्याच्याजवळ पैसे नव्हते. उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस, जे स्वतः मूळ रहिवाशांच्या रक्ताचे होते, त्यांनीं त्यास आपल्याजवळ बसविलें आणि प्रेक्षकांनीं उभें राहून त्याचें स्वागत केलें, असें त्याचे चरित्रकार लिहितात. १९५० सालीं अमेरिकेंतील क्रीडालेखकांनीं त्यास अर्धशतकांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविलें. पुढच्याच वर्षीं ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करावयाची वेळ आली तेव्हां ती धर्मार्थ करावी लागली. २८ मार्च १९५३ रोजीं कॅलिफोर्नियांत त्याचा अंत झाला.

मृत्यूनंतरहि त्यास विसांवा मिळाला नाहीं. मॉक चंक नांवाच्या पेन्सिल्व्हेनियांतील गांवानें त्याचा देह आपल्या भूमींत पुरून १९५४ सालीं स्वतःस जिम थॉर्प हें नांव घेतलें; त्यास ओक्लाहोमांत आणावें म्हणून त्याच्या मुलांनीं न्यायालयांत केलेली खटपट २०१५ सालीं निष्फळ ठरली. कँटन येथें १९६३ सालीं उघडलेल्या फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास पहिल्याच वर्षीं स्थान मिळालें. गायनला तें १९६६ सालीं मिळालें. रॉबर्ट व्हीलर व फ्लोरेन्स रिडलन या दांपत्यानें ३० दिवसांचा तो विसरलेला नियम जुन्या पुस्तकांतून शोधून काढला, आणि १९८२ सालीं ऑलिंपिक समितीनें पदकें परत करण्याचें ठरविलें. परंतु थॉर्प हा विजेत्यांपैकीं एक, अशीच तेव्हां नोंद झाली. २०२२ सालीं, ११० वर्षांनंतर, तोच एकटा विजेता असें मान्य झालें. दहा खेळांच्या स्पर्धेंतील त्याचें पदक ज्यास देऊं केलें होतें, त्या स्वीडनच्या ह्यूगो वीस्लांडरनें तें आपलें असें कधींच मानलें नव्हतें. परक्या देशांतील प्रतिस्पर्ध्यास जें न्याय्य वाटलें, तें स्वकीयांस उमगावयास शतक लोटलें!

कार्लाइलचा श्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नास आमचें उत्तर थॉर्प हेंच आहे. गायनचा मान त्यामुळें उणा होत नाहीं. पण त्याच्या थोरवीचें श्रेय शाळेनें किती घ्यावें, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. शाळेनें त्यास मैदान, शिक्षक आणि सोबती दिले, हें खरें. तिनें पडत्या काळांत हात आंखडता घेतला, हेंहि तितकेंच खरें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां कीर्ति मिळवील आणि त्याचें नांव शाळेच्या फलकावर झळकेल. तो दिवस आम्हीं पाहावा अशी आमची इच्छा आहे. परंतु तुमच्यांतील एखाद्यावर किटाळ आलें, आणि त्यानें थॉर्पसारखी खरी गोष्ट कबूल केली, तर त्या दिवशीं त्याचे शिक्षक व सोबती त्याच्या शेजारीं उभे असावेत, हें आमच्या मनांत त्याहूनहि अधिक आहे.